हलक्या बिऱ्हाडाची किल्ली

सारजाच्या घरी लॅपटॉप आला तो सुनेच्या हातून, आणि तोही आजारीच आला.

सून दिपाली बारामतीत एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिथं कुणीतरी टाकून गेलेला हा छोटासा लॅपटॉप मालकानं भंगारात काढला होता. दिपालीनं तो उचलला, ओढणीनं पुसला आणि सुट्टीला नरसिंहपूरच्या अलीकडे वस्तीवर आली तेव्हा सासूपुढं ठेवला. "आत्या, तुम्हाला वाचायची हौस आहे ना, ह्याच्यावर वाचा."

सारजाची शाळा चौथीतच सुटलेली. पुढचं सगळं तिनं किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, एसटीच्या पाट्यांवरून आणि पोराच्या पुस्तकांवरून उचललेलं. त्यामुळं लॅपटॉपला ती भ्यायली नाही. लॅपटॉपच तिला भ्यायल्यासारखा वागायचा. बटण दाबलं की ती चुलीवर चहा ठेवायची. चहा उकळायचा, गाळून व्हायचा, पिऊन व्हायचा, कप विसळून पालथे पडायचे, तरी पडद्यावर ते गोल कडं आपलं फिरतंय ते फिरतंयच.

"ह्याला दमा झालाय," सिद्धू म्हणायचा. सिद्धू म्हणजे सारजाचा नवरा. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, त्यामुळं कुठल्याही जितराबाचं दुखणं तो लांबूनच सांगायचा. "चढावर बसणारं मेंढरू हाय हे. इकून टाक."

दिपाली पुढच्या खेपेला आली ती पेनड्राइव्ह घेऊनच. म्हणाली, "मशीन चांगलं आहे, मामा. आतली सिस्टीम त्याच्या जिवाला जड झालीय. ती काढते आणि हलकी बसवते." दुपारभर ती ओसरीवर मांडी घालून बसली. जुनं सगळं पुसलं, नवीन घातलं. मग बटण दाबलं, आणि सारजा चहाचं आधण ठेवायला उठेस्तोवर पडदा उजळून तयार.

"अगं बाई! पर ह्याच्यात तर काईच न्हाय की."

"नाहीच ठेवायचं काही," दिपाली म्हणाली. "हाच तर मुद्दा आहे, आत्या. लिहिलेलं, फोटो, कागदपत्रं, सगळं नेटवर राहतं. हा डबा म्हणजे नुसतं दार. उद्या हा मोडला, चोरीला गेला, तरी कुठल्याही दुसऱ्या दारातनं आत जायचं. तुमचं सामान तिथल्या तिथं."

दिपालीला वाटलं होतं, हे समजावण्यात संध्याकाळ होईल. सारजा म्हणाली, "म्हंजी आमचं घोड्यावरचं बिऱ्हाड."

लग्नानंतरची कितीतरी वर्षं सारजा मेंढरांमागं हिंडली होती. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणाकडं, पाऊस जवळ आला की परत. सगळा संसार एका घोड्यावर. तवा, परात, पिठाची पिशवी, घोंगडी, वर खुराड्यातल्या कोंबड्या, आणि एका साली तर त्या सगळ्यावर बांधलेला तान्हा ऋषिराज. बाकीचं सगळं वाटेवर असायचं. पाणी ओढ्यात, जळण रानात, मीठमिरची गावात. घोड्याच्या पाठीवर जेवढं कमी, तेवढं घोडं तुरूतुरू चालायचं. तर ह्या डब्याच्या पाठीवरचं ओझं सुनेनं उतरवलं होतं. त्यात न समजण्यासारखं काय होतं?

"आनि नेट गेलं तर?" सिद्धूनं विचारलं.

"तर बसायचं नेटाची वाट बघत," दिपालीनं मान्य केलं.

"मंजी दार हाय, गाव न्हाय."

"तुमी गप ऱ्हावा," सारजा म्हणाली.

शेवटी किल्ली ठरवायची राहिली. किल्ली हा सारजाचाच शब्द. पासवर्ड म्हणताना तिची जीभ अडखळायची. दिपाली म्हणाली, "तीनचार शब्द घ्या आणि एकाला एक चिकटवून लिहा. तुम्हाला विसरता येणार नाहीत आणि दुसऱ्याला सुचणार नाहीत असे. लिहायचं मी शिकवलंय तसंच, इंग्रजी अक्षरात, जसं बोलतो तसं." आणि ती अंगणाकडं तोंड करून बसली.

आता इथं सारजाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सगळ्या वस्तीला माहीत होती. सारजानं आजवर कधी नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. साधंसुधं तर नाहीच, कुठलीच बाई घेत नाही. नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिथं पोरीबाळींनाही ठाऊक. पण उखाण्यात घ्यायला मुभा असते, आणि सारजानं उखाण्यातही घेतलं नव्हतं. लग्नात नणंदांनी दार अडवलं तेव्हा ती नुसती उभी राहिली. ऊन कलतं झालं, पाहुण्यांची चुळबूळ सुरू झाली, तरी तोंडातून शब्द नाही. शेवटी सिद्धूच म्हणाला होता, "सरा गं बाजूला. मेंढरं पाण्यावर न्यायचीत मला." त्याबद्दल तिनं त्याला कधी काही बोलून दाखवलं नाही, पण ते ती कधी विसरलीही नाही. पुढं हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला बायका तिच्याभोवती गराडा घालायच्या, चिमटे काढायच्या, आणि सारजा पदर तोंडात धरून हसत बसायची.

उखाणा तिला येत नव्हता असं नाही. तिचा तिनं केलेला एक होता, चुलीपुढं बसून जुळवलेला. तो कुणाला कधी ऐकवावा असा नव्हता.

त्याचेच शेवटचे चार शब्द तिनं त्या दुपारी किल्ली म्हणून घातले. बोटानं लिहिलं म्हणजे तोंडानं घेतलं असं होत नाही, हा निकाल तिनं स्वतःच देऊन टाकला. आणि तेव्हापासून रोज सकाळी, भाकरी झाल्या की, नवरा समोर ओसरीवर तंबाखू मळत बसलेला असताना, सारजा त्याच्या देखत त्याचं नाव घ्यायची आणि त्याला पत्ता नसायचा. हे सुख काही वेगळंच होतं.

त्या डब्यानं तिला पुष्कळ दिलं. पेपर दिला, गोष्टी दिल्या, दिपालीच्या लेकीचं, नातीचं तोंड दिलं. ट्रंकेतल्या कागदांना वाळवी लागली तेव्हा जे वाचलं त्याचे तिनं लॅपटॉपच्या डोळ्यापुढं एकेक धरून फोटो काढले आणि वर ठेवून दिले. रेशनकार्ड, सातबारा, सिद्धूला मागं अकलूजच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाचे कागद. पुढं कागद वाळवीनं पुरते संपवले, फोटो राहिले.

ह्या माघात सिद्धू लोणी भापकरला भाच्याच्या साखरपुड्याला गेला. सारजा मागं राहिली, कारण शेळी व्यायला टेकली होती. सकाळी करडं झाली, दोन्ही उभी राहिली, आणि सारजा हात धूत होती तेवढ्यात फोन वाजला. सारजाचा फोन बटणांचा. बोलायचा आणि ऐकायचा, त्याला दुसरं काही येत नव्हतं.

"आत्या, घाबरू नका," दिपाली म्हणाली. असं म्हटलं की माणूस घाबरतंच. "मामांच्या छातीत भरून आलं. पाहुण्यांनी बारामतीला आणलंय. मी इथंच आहे, हेही निघालेत कंपनीतनं. तुम्ही या."

सारजानं शेळी शेजारणीवर सोपवली आणि अंगावरच्या लुगड्यानिशी रस्त्यावर आली. सवाऱ्या भरून नेणारी वडापची जीप इंदापूरला निघालीच होती. दादासाहेब ड्रायव्हरनं तिचं तोंड बघूनच पुढच्या माणसाला मागं घातलं. शेजारी वस्तीवरची कुशाबाई आधीच बसलेली, बाजाराला निघालेली, मांडीवर कोंबडा.

"काय गं?" कुशाबाईनं विचारलं.

"ह्यास्नी दवाखान्यात नेलंय."

कुशाबाईनं कोंबडा दुसऱ्या मांडीवर घेतला आणि मोकळा झालेला हात सारजाच्या गुडघ्यावर ठेवला. दोन्ही बाजूंनी ऊस पळत होता आणि सारजाला वाटत होतं, जीपच जागच्या जागी उभी आहे.

कालव्याच्या पुलाजवळ फोन परत वाजला.

"आत्या, नीट ऐका. डॉक्टर म्हणतायत, कार्डिओग्राममध्ये बिघाड दिसतोय. पण तो आजचा आहे की जुनाच आहे, हे आधीचा कार्डिओग्राम बघितल्याशिवाय कळत नाही. आजचा असला तर रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन लगेच द्यायला पाहिजे, आणि मामांच्या पोटात मागं रक्तस्राव झालेला, त्यांना ते इंजेक्शन धोक्याचं आहे. जुनाच असला तर द्यायची गरज नाही. ते थांबलेत, पण फार थांबता येणार नाही. अकलूजचा कागद आहे का?"

"कागद वाळवीनं खाल्ला. पर फोटू हाय. माझ्या त्या ह्याच्यात वर ठिवलाय."

"मला वाटलंच! मग झालं. मी इथल्याच कॉम्प्युटरवर बसलेय, तुमचं खातं काढलंय. किल्ली सांगा."

सारजानं मागं वळून बघितलं.

जीप तुडुंब भरलेली. बटणांच्या फोनचा आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या माणसालाही दिपालीचा श्वास ऐकू यावा.

"मी लिहून धाडू का?" सारजा हळूच म्हणाली.

"कशानं धाडणार, आत्या? तुम्हाला मेसेज येत नाही. सांगा पटकन."

दादासाहेबानं आरशातून पाहिलं, जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. "बोला मावशी. पुढं रेंज जाती. हितंच बोला."

सारजा, हातानं तोंडाला आडोसा करून, एका दमात म्हणाली, "ह्यांच्या घोंगडीत माझी पहाट."

मागून कुणीतरी खाकरलं. कुशाबाईच्या मांडीवरचा कोंबडाही मान वाकडी करून बघायला लागला.

पलीकडं बटणांचा टकटक आवाज. मग, "नाही घेत, आत्या."

"न्हाय कसं? रोज घेतं की."

"ह्यांच्या, असंच लिहिलंय तुम्ही?"

सारजाच्या तोंडानं नाव गाळलं होतं आणि तिच्या कानांना कळलंही नव्हतं. जन्मभराची सवय. जिथं नाव येतं तिथं जीभ आपोआप वळसा घालून पलीकडं निघते.

"तितं... त्यांचं नाव हाय," ती म्हणाली. "तुला म्हाईत हाय की नाव. घाल."

पुन्हा टकटक. "सिद्धूरावांच्या घोंगडीत माझी पहाट. नाही घेत. आत्या, आता चुकलं तर ते खातंच बंद करतं काही वेळ. अंदाजानं मी घालणार नाही. सिद्धेश्वर लिहिलंय का सिद्धनाथ? तुम्ही स्वतः जसं लिहिलंय तसं, अक्षर न अक्षर सांगा."

नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. आजवर ही गोष्ट म्हणजे चेष्टेची गोष्ट होती, बायकांत हसण्याची. पण आज तो तिकडं खाटेवर पडलेला, छातीला वायरी लावलेला. आज त्याचं आयुष्य होतंच किती, हे कुणाला ठाऊक? त्यातलं आपण आपल्या तोंडानं कमी करायचं? आणि नाही घेतलं तर ते इंजेक्शन. दोन्हीकडून तोच जात होता.

"कुशामावशे," ती रडवेली झाली. "काय करू गं?"

कुशाबाईचा नवरा जाऊन जमाना झाला होता. ती म्हणाली, "मी कदी घेतलं न्हाय बघ. एकदाबी न्हाय. तरी गेलाच की."

मग म्हणाली, "उखान्यात घे. उखान्यात घेतल्याला दोष न्हाय. आख्खा म्हण."

सारजानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. डोळे मिटले. आणि एवढ्या वर्षांत जो उखाणा चुलीनं तेवढा ऐकला होता, तो कालव्याच्या पुलाजवळ, भरल्या जीपमध्ये, मोठ्यानं म्हटला:

"मेंढरं विकली, घोडं विकलं, सरली रानची वाट,
अजून रोज सिद्धूच्या घोंगडीत माझी पहाट."

कुणी हसलं नाही.

"सिद्धूच्या?" दिपालीचा आवाज बारीक झाला होता. "राव नाही?"

"राव न्हाय," सारजा म्हणाली. "नुसता सिद्धू. तितं आत कोन ऐकाय बसलं हुतं मला राव म्हनाय?"

टकटक. टकटक. कितीतरी वेळ टकटक. आणि मग दिपाली ओरडली, "उघडलं!"

सारजाला दिसत काही नव्हतं, पण दिपाली काय काय ओलांडत चाललीय ते ऐकू येत होतं. "हे करडांचे फोटो... ही रांगोळी... हे रेशनकार्ड... आत्या, चाळीस फोटो एकाच शेळीचे कशाला काढलेत... हां. हां! सापडला. डॉक्टर, हे बघा!"

मग नुसते दुसऱ्याच माणसांचे दबके आवाज. ते काय म्हणतायत ते जीपला कळेना. दादासाहेबानं खिडकीची काच वर केली, वाऱ्याचा आवाज नको म्हणून. सारजानं कुशाबाईचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली, पण कुशाबाईनं हात काढून घेतला नाही.

"आत्या," दिपाली आली. ती रडत होती की हसत होती, सांगणं कठीण. "जुनाच आहे. अगदी तोच, तसाच. इंजेक्शन द्यायचं नाही म्हणतायत. रक्त तपासतायत, आज-उद्या नजरेखाली ठेवणार, पण... जुनाच आहे."

जीपमध्ये एकदम सगळेच बोलायला लागले. कुणी हात जोडले, कुणी बाटलीतलं पाणी पुढं केलं. सारजा पाणी प्यायली आणि अर्धं अंगावर सांडलं.

फोन अजून चालूच होता. दिपालीनं दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून तिकडं तो मोठ्या आवाजावर ठेवला होता, आणि सिद्धूची खाट तिच्या पाठीमागंच होती. हे सारजाला आत्ता कळलं, कारण फोनमधून एक खरबरीत, दमलेला आवाज आला.

"दिपे, कोन बोलतंय गं ती बाई? आवाज वळखीचा वाटतोय. पर असं बोलनारं आमच्या घरात कुनी न्हाय."

जीप खदखदून हसली. सारजानं फोन पदरात गुंडाळला, जणू तो आवाज कुणी बघून टाकेल. कुशाबाई मात्र तिच्या पदरावर तोंड नेऊन ओरडली, "आता बरं होऊन ये मुकाट्यानं, सिद्धू! लई दिस वाट बघायला लावलीस माझ्या पोरीला!"

"मी लावली व्हय?" पदरातून आवाज आला.

इंदापूरला दादासाहेब जीप स्टँडवर नेऊन थांबला नाही. बारामतीची एसटी फाटकातून बाहेर पडत होती, तिच्यापुढं जीप आडवी घातली, कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या आणि सारजाला चढवून दिलं.

दवाखान्यात ती पोचली तेव्हा दुपार झाली होती. रक्ताचा अहवालही बरा आला होता. सिद्धू उशाला टेकून बसला होता, तोंडावर पांढुरकेपणा, पण डोळे नेहमीचे. ऋषिराज गोळ्या आणायला खाली गेला होता. सारजा खाटेपाशी गेली आणि त्याच्याकडं न बघता चादर सारखी करायला लागली. चादर सारखीच होती.

"शेळी?" सिद्धूनं विचारलं.

"दोन झाली. एक कबरं."

"बरं."

झालं एवढंच. पण चादर सारखी करणारा तिचा हात त्याच्या पावलांवर आला तेव्हा तिथंच राहिला, आणि त्यानंही पाय हलवला नाही.

मग ती दिपालीकडं वळली. सकाळपासून धावपळ करून पोरीचे केस विसकटलेले, हातात अजून फोन तसाच. सारजाला पुष्कळ म्हणायचं होतं. तू ते भंगारातनं उचललंस म्हणून. तू ओसरीवर दुपारभर मांडी मोडून बसलीस म्हणून. तू अंदाजानं नाव घातलं नाहीस म्हणून, मला घ्यायला लावलंस म्हणून. पण त्यांच्याकडं आभार ही स्टेजवर हार घालून मानायची गोष्ट, घरातल्या माणसाचे आभार कुणी मानल्याचं तिनं ऐकलेलं नव्हतं. तिनं दिपालीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. एवढी मोडली की पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटनं मान वर करून पाहिलं.

"आत्या, पुरे," दिपाली म्हणाली, पण डोळे पुसले तिनं. मग दुकानातली सवय वर आली. "एक काम राहिलंय मात्र. किल्ली बदलावी लागेल. आख्ख्या जीपला कळलीय, डॉक्टरांना कळलीय, सिस्टर तर मघापासून गुणगुणतीय."

सारजाचं तोंड पडलं. "बदलायलाच पायजेल?"

"ऱ्हाऊ दे की," सिद्धू खाटेवरून म्हणाला. "चांगली हाय."

"नाही मामा. तसं चालत नाही."

दिपालीनं ऋषिराजनं कंपनीतनं आणलेला लॅपटॉप सारजाच्या मांडीवर ठेवला, हवं ते पान काढून दिलं आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. सारजानं पदराचा आडोसा केला. मग तिच्या ध्यानात आलं की आडोशाच्या ह्या बाजूनं नवरा बघतोय.

"तिकडं बघा," ती म्हणाली.

सिद्धू, छातीवरच्या वायरी सांभाळत, शहाण्या मुलासारखा भिंतीकडं वळला.

सारजा विचार करत बसली. विसरता येणार नाही असं काय, आणि दुसऱ्याला सुचणार नाही असं काय? खिडकीपाशी दिपाली एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, चप्पल सैल झाली होती तिची. तिचं नाव सारजा दिवसातून दहा वेळा घ्यायची, ओरडून, हाक मारून, गाऱ्हाणं करून. त्या नावाला कुणाची बंदी नव्हती. त्याच्यात लपवण्यासारखं काही असेल, असा संशयही कुणाला येणार नव्हता. सारजानं सावकाश, एकेक बटण शोधून, ते नाव लिहिलं, आणि पुढं आणखी दोन शब्द चिकटवले.

"झालं का?" भिंतीकडून सिद्धू.

"थांबा की. परत एकदा लिवायचं असतं."

"मी हाय का त्यात?"

"हाय."

"पयला?"

"दुसरा."

"मग पयलं कोन?" तो वळायला लागला.

"वायरी निघतील," सारजा म्हणाली आणि झाकण मिटलं. "पडा गप."